उभं राहायला जागा

“पहिली दहा मिनिटं वही उघडायची नाही,” दादा म्हणाला. “नुसतं उभं राहायचं आणि बघायचं.”

रविवारची सकाळ, साडेसात वाजलेले. सीएसएमटीच्या समोर, महापालिकेच्या इमारतीच्या बाजूला, दादाच्या रविवारच्या चित्रांच्या वर्गाला आलेले आम्ही अकरा जण उभे होतो. कुणी कुणाला ओळखत नव्हतं. मी डोंबिवलीहून सहाच्या सुमाराची गाडी पकडून आले होते. परतताना मेगाब्लॉक लागणार हे माहीत होतं, तरी आले होते.

पहिलं मिनिट बरं गेलं. दुसऱ्या मिनिटाला पायांची चुळबुळ सुरू झाली. हात आपोआप पर्सच्या चेनकडे गेला, मोबाइल काढायला. गेली अठरा वर्षं मी सोमवार ते शनिवार याच स्टेशनात उतरते, सबवेतून पलीकडे निघते आणि फोर्टातल्या ऑफिसात पोचते. या चौकातून किती हजार वेळा गेले असेन, पण इथे उभी कधी राहिले नव्हते. सिग्नलला थांबले असेन. पण सिग्नलला आपलं एक पाऊल आधीच पुढे पडलेलं असतं.

‘उभं राहायला जागा नाही’ हे आपण गाडीतल्या गर्दीबद्दल बोलतो. रस्त्यावरही ते तितकंच खरं आहे. फुटपाथवर कुणी थांबलं की मागून येणाऱ्याचा खांदा लागतो, आणि थांबलेली बाई असेल तर खांद्याबरोबर नजरही लागते. हरवली आहे का? कुणाची वाट बघतेय का? मुलगी वयात आली की घरोघरी तिला एक वाक्य ऐकवलं जातं, रस्त्यात उगाच उभी राहू नकोस. मी ते आईकडून ऐकलं आणि माझ्या लेकीलाही ऐकवलं. त्यामागची काळजी खोटी नसते. पण त्यातून होतं असं की पन्नाशीला आलेल्या बाईला स्वतःच्या शहरात दहा मिनिटं बिनकारणाची उभी राहायची सवयच उरत नाही. हातात वही आली की कारण मिळतं. कुणी विचारलं तर “चित्र काढतेय” एवढं उत्तर पुरतं. अकरा जण एकत्र असले तर तेवढंही लागत नाही. मला वाटतं, या रविवारच्या वर्गांनी मला सगळ्यात आधी काय दिलं असेल तर हे. रेषा, रंग वगैरे नंतर आलं.

सातव्या-आठव्या मिनिटाला कधीतरी मला वाघ दिसला.

स्टेशनच्या फाटकाच्या दोन खांबांवर दोन प्राणी बसलेले आहेत. ते दोन्ही सिंह आहेत अशी माझी इतकी वर्षं पक्की समजूत होती. त्यातला एक सिंह आहे आणि दुसरा वाघ. आमच्या गटात आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी आहे. नंतर चहाच्या टपरीवर तिने सांगितलं, सिंह ब्रिटनचा आणि वाघ हिंदुस्थानचा. घुमटाच्या टोकावर हात उंचावून उभी असलेली बाई म्हणजे ‘प्रगती’, तिच्या एका हातात मशाल आणि दुसऱ्या हातात चाक. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी ही इमारत रचली. काम १८७८ साली सुरू झालं आणि दहा वर्षं चाललं. ज्या महापालिकेच्या इमारतीच्या सावलीत आम्ही उभे होतो तीही त्यांचीच, १८९३ची. स्टेशनच्या दगडांवरच्या पानाफुलांच्या नक्षीकामात जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांचा हात आहे हे ऐकून मला उगाचच आपलं माणूस भेटल्यासारखं वाटलं. १८५७ साली सुरू झालेली ती शाळा तिथून पाच-सात मिनिटांच्या अंतरावर. तिथेच शिकलेल्या आणि पुढे तिथेच शिकवणाऱ्या म. वि. धुरंधरांनी मुंबईच्या रस्त्यावरची माणसं किती प्रेमाने काढून ठेवलीत. तेव्हा रस्त्यात थांबून चित्र काढणं हे काही बाहेरून आलेलं खूळ नाही, या शहरात ते जुनं आहे.

दहा मिनिटं झाली आणि वह्या उघडल्या. मी उत्साहाने घुमटापासून सुरुवात केली. अर्ध्या तासाने बघते तर माझ्या कागदावर घुमट अर्ध्या पानाचा झाला होता आणि बाकीचं स्टेशन त्याच्या खाली कसंबसं बसलं होतं. दादा शेजारी येऊन उभा राहिला. हा दादा माझ्याहून पंधरा वर्षांनी तरी लहान, पेशाने आर्किटेक्ट, पण सगळे दादा म्हणतात म्हणून मीही दादाच म्हणते. त्याने चित्राबद्दल चकार शब्द काढला नाही. माझ्या हातात पेन्सिल उभी दिली. “ताई, कोपर वाकवायचं नाही. हात ताठ. एक डोळा मिटा. आता पेन्सिलीच्या टोकापासून अंगठ्यापर्यंत घुमटाची रुंदी धरा, आणि तेवढीच पट्टी इमारतीवरून सरकवत न्या.”

मी न्यायला लागले. पट्टी सरकत राहिली, सरकत राहिली, आणि इमारत काही संपेना. केवढी लांब आहे ती! घुमट तिच्यापुढे टोपीवरच्या तुऱ्याएवढा. मग मी इतका मोठा का काढला?

“कारण तो महत्त्वाचा आहे हे तुम्हाला माहीत आहे,” दादा म्हणाला. “माहीत आहे ते काढू नका. दिसतंय ते काढा.”

हे वाक्य चित्रकलेच्या प्रत्येक वर्गात सांगत असतील. मला मात्र ते ऐकताना एकदम सातवी-आठवी आठवली. महाराष्ट्रातल्या शाळेत गेलेल्या बहुतेकांना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट माहीत असतात. स्थिरचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन, आणि माझा सगळ्यात लाडका पेपर, स्मरणचित्र. बाजाराचं दृश्य, बस स्टॉप, गणपतीची मिरवणूक. बाईंनी आम्हाला माणसं पाठ करून घेतली होती. डोक्यावर पाटी घेतलेली बाई, छत्री धरलेला माणूस, हात धरून चालणारं मूल. प्रश्न कुठलाही येवो, हेच तिघे जागा बदलून उभे करायचे. मागे दोन डोंगर, नाहीतर दोन इमारती. मार्क चांगले पडायचे. त्यात बाईंचा काही दोष नव्हता, परीक्षेच्या हॉलमध्ये बाजार कुठून आणणार?

पण त्या दिवशी मेगाब्लॉकमुळे रखडत परतताना माझ्या मनात हेच घोळत राहिलं. मी अठरा वर्षं स्मरणचित्रातूनच ऑफिसला जात होते. सीएसएमटी म्हणजे एक घुमट, दोन सिंह, एक घड्याळ. एकदा पाठ झालं, मग वर बघायची गरज पडली नाही.

जागेवर बसूनच चित्र काढायचं, फोटोवरून घरी नाही, हा नियम आमच्या दादाचा नाही. सिॲटलमध्ये वर्तमानपत्रासाठी चित्रं काढणाऱ्या गॅब्रिएल कॅम्पनारिओ या पत्रकाराने २००७ साली अशा चित्रकारांना इंटरनेटवर एकत्र आणलं. तिथून ‘अर्बन स्केचर्स’ ही चळवळ जगभर पसरली आणि मुंबईतही आली. आमचा गट काही कुठल्या संस्थेचा नाही. एक निरोप येतो, पुढच्या रविवारी अमुक ठिकाणी, येताना पाण्याची बाटली आणि टोपी आणा. फी म्हणून चहाचे पैसे. पण नियम तोच. समोर जे आहे त्याच्याशी प्रामाणिक राहायचं. दोन तास झाले की सगळ्या वह्या जमिनीवर ओळीने मांडायच्या आणि वाकून बघायचं. नावं ठेवायची नाहीत, नंबर काढायचे नाहीत. सुरुवातीला मला ही ओळ परीक्षेच्या निकालासारखी वाटायची. आता मी बाकीच्यांच्या वह्या बघायला अधीर असते, कारण एकाच जागी बसून अकरा जणांनी अकरा गोष्टी पाहिलेल्या असतात.

हॉर्निमन सर्कलचा रविवार मला पायऱ्यांमुळे लक्षात राहिलाय. समोर एशियाटिक लायब्ररी, म्हणजे १८३३ साली बांधून झालेला टाऊन हॉल, त्याचे जाड जाड खांब आणि खांबांपर्यंत चढत जाणाऱ्या तीस पायऱ्या. बँकेतून निवृत्त झालेले एक काका आमच्यात आहेत, फार नीटनेटकं काम. त्यांनी पट्टीने आखल्यासारख्या पायऱ्या काढल्या, प्रत्येक पायरीचा माथा आणि प्रत्येक पायरीची उभी बाजू. तरी काहीतरी चुकत होतं. जिना कागदावर पुढे झुकल्यासारखा दिसत होता, आता कोसळेल की मग अशा बेताने. काका तीनदा खोडून चौथ्यांदा काढत होते.

दादा त्यांच्या शेजारी फुटपाथच्या कडेवर बसला. “काका, ती वरची पायरी. तिचा माथा तुम्हाला इथून दिसतोय?”

काकांनी चष्मा सारखा केला. खूप वेळ बघितलं. “नाही दिसत.”

“मग काढलात कसा?”

“पायरीला माथा असतो म्हणून.”

आम्ही सगळेच मग बघायला लागलो. बसल्यावर आपला डोळा जेमतेम चौथ्या-पाचव्या पायरीच्या उंचीवर येतो. त्याच्या खालच्या पायऱ्यांचे माथे दिसतात, खालून वर येताना पातळ पातळ होत जातात, डोळ्याच्या रेषेवर आले की नाहीसे होतात. त्याच्या वर फक्त उभ्या बाजू, एकावर एक रचलेल्या पट्ट्या. दादाने सगळ्यांना उठायला सांगितलं, आणि उठता उठता आणखी चार-पाच पायऱ्यांचे माथे उघडले! पुन्हा बसलो, मिटले. पन्नास, साठ, सत्तर वर्षांची माणसं भर फुटपाथवर उठाबशा काढत होती आणि प्रत्येक वेळी “अरे हो!” म्हणत होती. पुस्तकात याला यथार्थदर्शन म्हणतात, शाळेत मी त्याच्या व्याख्येला पूर्ण मार्क घेतले होते. पण क्षितिजरेषा म्हणजे आपलाच डोळा, आपण बसलो की ती बसते आणि उठलो की उठते, हे मला त्या फुटपाथवर कळलं.

ओव्हल मैदानावर उजेड शिकलो. पूर्वेला उच्च न्यायालय, विद्यापीठ, राजाबाई टॉवर, सगळं एकोणिसाव्या शतकातलं, टोकदार आणि नक्षीदार. पश्चिमेला १९३०च्या दशकातल्या गोलसर सज्ज्यांच्या आर्ट डेको इमारती. २०१८ साली युनेस्कोने या दोन्ही बाजूंना मिळून जागतिक वारसा म्हटलं. मैदानाच्या मधोमध उभं राहून नुसती मान वळवली की शहराची साठेक वर्षं सरकतात. आम्ही सगळे हौसेने राजाबाईकडे तोंड करून बसलो आणि कुणाचंच चित्र जमेना. सकाळचा सूर्य तिच्या पाठीमागे असतो. नक्षी, खिडक्या, कोनाडे, काही म्हणजे काही दिसत नाही, दिसतो तो एक निळसर राखाडी उंच आकार. तो तसाच एका हाताच्या रंगात सोडून द्यायला धीर लागतो. मी सोडला, आणि मला तो माझ्या वहीतला सगळ्यात खरा टॉवर वाटतो. नक्षी हवी असेल तर संध्याकाळी यावं. सकाळ पलीकडच्या डेको इमारतींची.

पावसाळ्यात दादाभाई नौरोजी रोडच्या कमानींखाली बसलो. जुलैत कागदावर रंगाचा पहिला हात वाळता वाळत नाही. घाई केली की दुसरा हात त्यात फुटतो. तीनशे जीएसएमचा, म्हणजे जाड कागद आणि पाण्याने न विरघळणारी शाई या दोन गोष्टींवर पैसे खर्च करावेत, बाकी शाळेतली कॅमलची डबी चालते, एवढंच सांगते.

एकदा एका इमारतीच्या पायरीवरून वॉचमनने आम्हाला उठवलं. इथे बसायचं नाही, वरून सांगितलंय. आम्ही उठलो. त्याला स्वतःला बारा तास बसायला एक मोडकी खुर्ची होती. मी त्याच्यावर रागावू शकले नाही, पण मला त्या दिवशी फार लागलं. बसलेल्या माणसाचं या शहरात नक्की काय वावडं आहे?

आणि मग दादरचा फूलबाजार.

दसऱ्याच्या आधीचा रविवार होता. तिथे त्या दिवशी काय गर्दी असते ते दादरकरांना सांगायला नको. झेंडूच्या गोण्या, शेवंतीचे ढीग, आंब्याच्या डहाळ्या, डोक्यावर टोपल्या घेऊन “बाजू, बाजू” करत घुसणारी माणसं. गर्दी काढायची एक युक्ती दादाने आधी सांगितली होती. आपण उभे असलो की जवळची आणि लांबची, सगळ्या उभ्या माणसांची डोकी साधारण एकाच रेषेवर येतात. पाय मात्र जवळच्याचे खाली आणि लांबच्याचे वर. मी आधी नुसती रेष मारली आणि तिच्यावर डोकी ओवत गेले. खरोखर ओवत. समोर हार होत होते आणि माझ्या वहीत माणसांचा हार होत होता.

पण धक्के इतके लागत होते की पेन टिकेना. मी एका फुलवालीच्या ढिगाशेजारी अंग चोरून उभी होते. ती न बघता म्हणाली, “ताई, उभ्या का? बसा की. पाय दुखतील.” आणि शेजारच्या मुलीला, “ए, गोणी सरकव गं.” गोणी सरकली. दीड वीत जागा झाली. मी बसले.

गाडीत चौथ्या सीटसाठी सरकायला सांगताना आपल्याला किती धीर गोळा करावा लागतो. आणि इथे, जिच्या प्रत्येक विताचा वर्षातला सगळ्यात मोठा धंदा त्या सकाळी होता, ती बाई अनोळखी बाईसाठी सरकली. मी तिला फूलसुद्धा विकत मागितलं नव्हतं.

तिथून मला तिचे हात दिसत होते. डाव्या हाताने न बघता ढिगातून झेंडू उचलायचा, अंगठ्याने उलटा करायचा, लांब सुई देठाकडून आत, फूल खाली ओढायचं. पाच फुलं, मग आंब्याचं एक पान. पुन्हा पाच फुलं. हलते हात कसे काढायचे? पहिली पाच मिनिटं मी नुसती पाठलाग करत होते. मग लक्षात आलं की काम करणारा हात त्याच जागी परत येतो. सुई टोचायच्या क्षणी अंगठा दर वेळी तसाच वळतो. तेव्हा एक रेघ मारायची. मग थांबायचं. पाच फुलांनी पुन्हा तो क्षण येतो, तेव्हा पुढची रेघ. तिच्या लयीत माझा हात चालायला लागला. उजव्या अंगठ्याचं नख अर्धं काळं होतं आणि त्याच्या कडेला एक जुनी चीर, झेंडूच्या पिवळ्या रंगाने भरलेली. तीही काढली. पाऊण तासात दोन हात झाले, एक सुई आणि साडेतीन फुलं.

गिऱ्हाईक जरा कमी झालं तेव्हा तिने वही ओढून घेतली.

“तोंड नाय काढलं?”

“राहिलं. हातच बघत बसले.”

तिने वही लांब धरली, मग जवळ. स्वतःचा अंगठा चित्रातल्या अंगठ्याशेजारी नेला. “माझाच हाय,” ती मुलीला म्हणाली. “बघ, नख पण काढलंय.” मग मला, “राहू दे तोंड. तोंड सगळेच बघतात.”

त्या वर्षी आमच्या दाराला लागलं ते तोरण तिचं. मी पैसे दिले, तिने घेतले, वर दोन फुलं जास्त घातली.

परवाच्या रविवारी आम्ही पुन्हा हॉर्निमन सर्कलला गेलो. आता आम्ही चौदा झालोय. सगळ्यांना पायऱ्या येतात, काकांच्या तर बघत राहाव्यात अशा येतात. बागेच्या कठड्याकडे पाठ करून बसलो, एशियाटिक काढलं, खांब, पायऱ्या, वरचा त्रिकोण, पायऱ्यांवर बसलेली दोन मुलं. नऊ वाजता वह्या ओळीने मांडल्या. मी मनात खूश होते.

रस्ता झाडणाऱ्या एक बाई तिथून ढकलगाडी घेऊन चालल्या होत्या. थांबल्या. झाडू गाडीला टेकवला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चौदाही वह्या बघितल्या, एकेकीसमोर थांबून. घाईत नव्हत्या. बघून झाल्यावर त्यांनी वर बघितलं, मग पुन्हा खाली.

“झाड कुठाय?” त्यांनी विचारलं.

आम्ही वर बघितलं. आमच्या आणि एशियाटिकच्या मधोमध झाड होतं. बागेच्या कडेचं, चांगलं मोठं. त्याची एक जाड फांदी आडवी रस्त्यावर आली होती, तिच्या पानांनी निम्मे खांब झाकलेले होते. आम्ही चौदा जणांनी दोन तास त्या पानांच्या आरपार बघून खांब काढले होते. एकाच्याही वहीत झाड नव्हतं.

“सकाळपासून दोन गाड्या पानं भरली मी,” बाई म्हणाल्या आणि गाडी ढकलत निघून गेल्या.

दादा काही बोलला नाही. त्याच्याही वहीत नव्हतं.

चहाला न जाता मी परत जाऊन बसले. काकाही आले. नवं पान घेतलं आणि आधी फांदी काढली, मग तिच्यावरची पानं, मग पानांच्या फटींतून जे दिसत होतं ते. एका फटीत खांबाचा तुकडा, दुसऱ्या फटीत नुसतं आभाळ. ऊन चढलं, टोपी मागे सरकवली. अकरा वाजेपर्यंत तीन खांब झाले आणि अकरा पायऱ्या. बाकीच्या पायऱ्या पानांमागे होत्या.